सत्तावीस किलोमीटर, सरळ रेषेत

आमचा दवाखाना सकाळी नऊला उघडायचा आणि रांग सहाला लागायची. मी साडेआठला किल्ल्या घेऊन पोचले की रांगेतला पहिला माणूस घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, "आलात का म्याडम?" स्वर असा, की मीच अडीच तास उशीर केला.

हा हिंगोलीतला माजी सैनिकांचा दवाखाना. तिथल्या खिडकी नंबर दोनमागं मी अकरा वर्षं कंत्राटी कारकून म्हणून बसले आणि मागच्या वर्षी साठी झाली म्हणून उठले. माझे वडील फौजेत शिपाई होते, एवढंच माझं लष्करी शिक्षण. पण म्हाताऱ्या फौजींना ते पुरेसं वाटायचं. "कुणाची पोरगी?" म्हणून विचारायचे, पलटणीचं नाव ऐकायचे आणि मग माझ्यावर हक्कानं ओरडायचे.

ज्यांना फौजेशी घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी आमचं काम थोडक्यात सांगते. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, त्याची बायको आणि तो गेल्यावर त्याची विधवा, यांना सरकारच्या आरोग्य योजनेचं एक कार्ड मिळतं. ते घेऊन आमच्याकडं यायचं. डॉक्टर तपासतात, औषध देतात. आमच्याकडं होण्यासारखं नसेल तर एक चिठ्ठी मिळते, ती दाखवली की योजनेतल्या खाजगी रुग्णालयात उपचार होतात. ती चिठ्ठी छापून निघायची माझ्या खिडकीतून. त्यामुळे दवाखान्यात डॉक्टर मॅडम पहिल्या आणि मी दुसरी, असा माझा समज होता. औषधं देणाऱ्या बाईंचाही स्वतःबद्दल हाच समज होता.

रांगेचे प्रश्न वेगळेच. एकदा एक निवृत्त सुभेदार सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले. म्हणाले, रांग हुद्द्यानं लागली पाहिजे. मागून एक शिपाईगडी म्हणाला, "सुभेदारसाब, तुमची साखर दोनशे, माझी तीनशे. आता सीनियर कोण ते सांगा." यावर अर्धा तास वाद चालला आणि तेवढ्यात एक माणूस शांतपणे पुढं येऊन तपासून घेऊन घरी गेला.

दुसरा प्रकार 'सब ठीक' वाल्यांचा. डॉक्टर मॅडम विचारायच्या, "कुठं दुखतं?" हे छाती काढून सांगायचे, "कहीं नहीं साब, सब ठीक." मागं उभी असलेली बायको डोक्याला हात लावायची. शेवटी मॅडमनी पद्धतच बदलली. आधी बायकोला आत बोलवायचं, तिच्याकडून सगळं लिहून घ्यायचं आणि मग नवऱ्याला तपासायचं. बरोबर बायको नसेल तर शेजारच्याला विचारायचं.

तर अशा या दवाखान्यात एका वर्षी तो नवा नियम आला.

आमच्याकडं येणारी माणसं सगळ्या जिल्ह्यातून यायची. कुणी सेनगावच्या पलीकडून, कुणी औंढ्याच्या खालून. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला अख्खा दिवस जायचा. त्यावर वर, दिल्लीत, बरीच चर्चा झाली आणि ठरलं, की दवाखान्यापासून तीस किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्याला दर वेळी इथं यायची गरज नाही. एकदा नाव नोंदवायचं आणि पुढं घराजवळच्या, योजनेत असलेल्या डॉक्टरकडंच जायचं. मी ते परिपत्रक व्हरांड्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता वाचता सरकारी मराठीची माणसांची मराठी करत गेले. टाळ्या पडल्या. जणू नियम मीच केला होता, अशी मी हात जोडून आत आले.

नोंदणीचं काम माझ्याकडं. संगणकात गावाचं नाव टाकायचं, तो अंतर सांगायचा. तीसच्या वर असेल तर बटण हिरवं व्हायचं. खाली असेल तर राखाडीच राहायचं, कितीही दाबलं तरी.

तिसऱ्या दिवशी कौसल्यामावशी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, उजव्या पायाला पट्टी, हातात काठी. त्यांचे मालक मारुतराव तोफखान्यात नाईक होते, ते वारून बरीच वर्षं झाली होती. मावशींना साखर होती आणि पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती. साखरवाल्याच्या पायाची जखम भरायला फार वेळ लागतो, दिवसाआड पट्टी बदलावी लागते. मावशींचं गाव धरणाच्या पाण्याकाठी. तिथून काळीपिवळी जीपनं जवळा बाजार, मग एसटीनं औंढा, मग हिंगोली. छप्पन्न किलोमीटर. इतक्यात जवळा बाजारचे एक डॉक्टर योजनेत आले होते, मावशींच्या घरापासून दहा किलोमीटरवर. मावशी खूश होत्या.

मी गावाचं नाव टाकलं. संगणक म्हणाला, सत्तावीस.

"मावशी, तुमचं बसत नाही," मी म्हटलं.

"काय बसत न्हाई?"

"तीसच्या वर लागतं. तुमचं सत्तावीस दाखवतोय."

"सत्तावीस? म्या दोन घंटे एसटीत बसून येऊन राहिले ना बाई."

"तो सरळ रेषेत मोजतो."

"सरळ तर पाणी हाय मधी."

"हो."

"मंग काय पोहत येऊ?"

रांग हसली. मीही हसले. मग म्हटलं, "पुढचे कोण?"

त्यानंतर मावशी दिवसाआड यायच्या त्या आल्याच नाहीत. मला जाणवलंही नाही, हे खरं सांगते. नव्या नोंदणीची गर्दी होती.

तीन आठवड्यांनी यासीनचाचा त्यांना घेऊन आले. शेख यासीन, जवळा बाजारचे, तोफखान्यातले निवृत्त हवालदार. मारुतराव आणि ते एकाच बॅटरीत, म्हणजे तोफांच्या एकाच तुकडीत, होते. निवृत्तीनंतर चाचांनी बाजारात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. कुणाचं तरी मशीन बघायला ते मावशींच्या गावी गेले आणि वहिनींना भेटून यावं म्हणून घरी डोकावले. मावशी खाटेवर होत्या. पायाला हळद बांधलेली. हिंगोली जिल्ह्यात हळदीला तोटा नाही, त्यामुळे भरपूर बांधली होती.

डॉक्टर मॅडमनी पट्टी सोडली आणि मान खाली घालून मला हाक मारली, "नांदेडची चिठ्ठी काढा. आत्ता."

मी चिठ्ठी छापत असताना चाचा खिडकीशी आले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही.

"म्याडम, तुमी वहिनीला काय सांगितलं होतं?"

"अंतर बसत नाही म्हटलं, चाचा."

"त्यांना ऐकू आलं, तुमचं बसत न्हाई. त्यांना वाटलं कार्डच बंद झालं. मारुत मेला, आता सरकारनं नाव काढलं, असं समजून घरी बसल्या. बराबर न्हाई झालं हे."

नांदेडला मावशींचा अंगठा काढावा लागला. पाय वाचला.

मी दिवसातून चाळीसदा 'बसत नाही' म्हणत असे. वय बसत नाही, नाव बसत नाही, फोटो बसत नाही. आम्हा खिडकीवाल्यांचा तो श्वास असतो, घेतल्याचं कळतही नाही. त्या दिवसापासून मी तो शब्द सोडला. जे असेल ते दोन वाक्यांत नीट सांगायला लागले आणि त्यामुळे माझी रांग दुपारी दोनपर्यंत लांबायला लागली. पण हा शहाणपणा मावशींच्या काही उपयोगाचा नव्हता. त्यांना अजून कित्येक महिने पट्टी लागणार होती आणि गाव अजून सत्तावीसवरच होतं.

मग चाचांनी नकाशा काढला.

तोफखान्यात चाचांचं काम मोजणीचं होतं. तोफ नेमकी कुठं उभी आहे आणि निशाणा किती लांब आहे, हे काढून द्यायचं. आठ दिवसांनी ते ड्रॉइंगचा मोठा कागद गुंडाळून घेऊन आले. त्यावर मावशींचं घर, धरणाचं पाणी, जवळा बाजार, औंढा, आमचा दवाखाना, सगळं प्रमाणात. रस्त्याचं अंतर त्यांनी मोटारसायकलवर दोनदा मोजलं होतं, जाताना आणि येताना. दोन्हीत दोनशे मीटरचा फरक आला, म्हणून तिसऱ्यांदा मोजलं.

दवाखान्याचे प्रमुख एक निवृत्त कर्नलसाहेब होते. पायदळातले, उंच, नियमाला पक्के. मी चाचांना त्यांच्याकडं नेलं. साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा लावला आणि बराच वेळ बघितला.

"उत्तर दिशेचा बाण कुठाय?" ते म्हणाले.

"वर उत्तरच हाय साब."

"ते मला कळलं. बाण कुठाय?"

चाचांचा चेहरा पडला. साहेबांनी स्वतःच पेन्सिल घेऊन बाण काढला. मग दोघं पाण्याची कड नीट निघाली आहे का, यावर बोलत बसले. पाऊण तास गेला. मावशींचं नावही निघेना. शेवटी मीच म्हटलं, "साहेब, त्या बाईंचं काय?"

"मी तेच म्हणून राहिलो," चाचा म्हणाले. "सरळ रेषा कागदावर असते साब. आमचा गोळा सुदीक सरळ जात न्हाई, कमान करून जातो. मंग वहिनी कशी जाईन?"

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी शिफारसपत्र लिहिलं, नकाशा जोडला आणि वर पाठवलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. एकच ओळ. अंतर प्रणालीनुसारच ग्राह्य धरावे. सोबत नकाशा परत, आठ घड्या घालून. चाचांना उत्तरापेक्षा घड्यांचा राग जास्त आला. "नकाशाला घडी घालतेत का?" असं ते त्या दिवशी भेटेल त्याला विचारत होते.

यानंतर जे झालं ते कुणी ठरवलं, हे मला आजही पक्कं सांगता येत नाही. वरच्या कार्यालयातले मोठे साहेब तपासणीला येणार होते. नियम करणाऱ्या समितीत ते स्वतः बसले होते, असं आम्हाला कळलं. तपासणीनंतर त्यांना एका सैनिकाच्या विधवेच्या घरी भेट द्यायची होती. कर्नलसाहेबांनी मला बोलावलं.

"जवळपासचं एखादं गाव सुचवा."

मी मावशींच्या गावाचं नाव सांगितलं. माझा आवाज जरा बारीक निघाला असावा. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग कार्यक्रमपत्रिकेवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: अंतर सत्तावीस किलोमीटर, प्रवासाची वेळ पाऊण तास. आणि खाली: वाट दाखवायला हवालदार शेख यासीन.

त्या दिवशी गाडीत पुढं ड्रायव्हरशेजारी चाचा, मध्ये दोन्ही साहेब आणि मागं रजिस्टर मांडीवर घेऊन मी. मोठे साहेब साताऱ्याकडचे, बोलके होते. नव्या नियमाचा लोकांना किती फायदा झाला, ते विचारत होते. आम्ही खरं तेच सांगत होतो. चाचा मध्येच ड्रायव्हरला म्हणत होते, "सीधा. अजून सीधा."

डांबरी रस्ता संपला, मुरुमाचा लागला, मग तोही सोयाबीनच्या शेतांमधून पाण्याच्या कडेला जाऊन संपला. गाडी थांबली. मोठे साहेब उतरले. समोर धरणाचं पाणी, निळंशार, वाऱ्यानं हलणारं.

"गाव कुठाय?"

"ते काय साब, समोर," चाचा म्हणाले.

पाण्यापलीकडं घरं दिसत होती. शाळेची पिवळी भिंत, एक पाण्याची टाकी आणि काठावर उभं असलेलं एक माणूस.

"होडी वगैरे आहे का?"

"मासे धरणाऱ्याची थर्माकोलची पाटी हाय. तिच्यावर एकजण बसतो. पोहता येणारा."

चाचांनी खिशातून फोन काढला, लावला आणि आवाज मोठा केला. "वहिनी, साहेब आलेत. चहा ठेवला का?"

"कव्हाच ठेवला," मावशींचा आवाज आला. "कुठं हाय तुमी?"

"समोर. हात हलवा."

पलीकडच्या काठावरचा हात हलला. मोठ्या साहेबांनीही, बहुधा सवयीनं, हात वर केला.

"मंग या की," मावशी म्हणाल्या.

फोन बंद झाला. मोठे साहेब कर्नलसाहेबांकडं वळले. कर्नलसाहेब पाण्यावरच्या बगळ्याकडं बघत होते.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"सर," बगळ्यावरची नजर न हलवता साहेब म्हणाले, "नियमाप्रमाणे आपण पोचलो आहोत."

माझं कंत्राट दर वर्षी नवं व्हायचं आणि त्या वर्षीचं व्हायचं होतं. मी रजिस्टर छातीशी धरून पाण्याकडं बघत राहिले. घरी काय सांगायचं, याची वाक्यंही मनात जुळवायला लागले.

"गाडीनं रस्ता किती?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मागं फिरून औंढा, मंग जवळा बाजार, मंग गाव," चाचा म्हणाले. "इथून पंचेचाळीस. हे बी तीनदा मोजलं साब."

"बसा गाडीत."

आम्हाला वाटलं, चालले परत हिंगोलीला. पण मोठ्या रस्त्याला लागल्यावर ते ड्रायव्हरला म्हणाले, "औंढा."

ते पंचेचाळीस किलोमीटर माझ्या आयुष्यातले सगळ्यात शांत. त्यात जवळा बाजारचा आठवडी बाजार. कापसाच्या गाड्या, शेळ्या, भाजीवाल्या, मध्येच एक ट्रॅक्टर आडवा. गाडी अर्धा तास जागची हलली नाही. पुढं गावचा रस्ता असा, की मोठ्या साहेबांनी एका हातानं कंबर आणि दुसऱ्या हातानं वरची कडी धरली होती. अंगठ्याला जखम घेऊन इथून दिवसाआड जीपमध्ये चौदावी सवारी म्हणून जायचं, हे मी तोवर कधी डोळ्यांसमोरच आणलं नव्हतं.

मावशी दारातच होत्या. "काहून एवढा उशीर?" त्यांनी मोठ्या साहेबांना विचारलं. "तीनदा गरम केला चहा."

"वाट लांब आहे हो बाई," साहेब म्हणाले.

"लांब? कोण म्हणलं?" मावशींनी माझ्याकडं एक नजर टाकली. "सत्तावीस तर हाय."

मोठे साहेब हसले. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते हसले म्हणून ड्रायव्हर हसला, ड्रायव्हर हसला म्हणून मी हसायचं धाडस केलं. चहा झाला. मग त्यांनी पाय बघायला मागितला. मावशींनी चप्पल काढली. अंगठ्याची जागा बघून साहेबांचा चेहरा बदलला.

"हे कशानं झालं?"

मी भिंतीला टेकून उभी होते. मावशी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मधी तीन हप्ते दवाखान्यात येणं झालं न्हाई." एवढंच. चाचांनीही काही जोडलं नाही.

परतीच्या वाटेवर साहेबांनी चाचांकडं नकाशा मागितला. चाचा म्हणाले, "देतो साब. पण घडी नका घालू."

अडीच महिन्यांनी नवं पत्र आलं. जुन्या नियमात एकच ओळ घातलेली: अंतर म्हणजे नेहमीच्या रस्त्याने प्रत्यक्ष प्रवासाचे अंतर. मी ते व्हरांड्यात वाचलं. चाचा ऐकून म्हणाले, "नेहमीचा रस्ता म्हणजे कोणता, ते लिहिलं न्हाई. उद्या त्यावर भांडण होईन." झालंही, पण ते वेगळं. त्या दिवशी मी मावशींच्या गावाचं नाव टाकलं आणि बटण हिरवं झालं. मी ते दोनदा दाबलं, त्यामुळे नोंद दोनदा झाली आणि एक रद्द करायला चार दिवस गेले. माझं कंत्राटही नवं झालं.

मावशी जवळा बाजारला जायला लागल्या. आमच्याकडं यायचं काही कारण उरलं नाही. जखम उन्हाळ्यापर्यंत भरली, हे मला चाचांकडून कळलं.

आणि मग एका दुपारी, ऐन वैशाखात, खिडकीसमोर मावशी उभ्या. हातात कार्ड नाही, काठी आणि एक गाठोडं.

"मावशी, तुम्हाला इथं यायची गरज नाही आता."

"ठाव हाय. हळदीच्या बाजारात आले होते पुतण्यासंगं. म्हणलं बघून यावं."

किती महिने मी ते बोलायचं ठरवत होते. रांग होती, लोक ऐकत होते, तरी बोलले. "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला नीट समजावून सांगायला पाहिजे होतं. तसंच परत पाठवायला नको होतं."

मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे पोरी. आपल्याकडं मोठ्या बायका म्हणतात तसं.

"व्हय," मावशी म्हणाल्या. "नको होतं पाठवायला."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"चालताना अजून तोल जातो माझा."

"हो मावशी."

"आता ते दार उघड. उभ्यानं पाय दुखून राहिला."

बाजूचं दार फक्त कर्मचाऱ्यांसाठी, तसं त्यावर लिहिलंय. मी उघडलं. मावशी आत आल्या, माझ्या खुर्चीवर पंख्याखाली बसल्या आणि गाठोडं सोडलं. ज्वारीच्या चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. त्यांनी दोन भाकरी माझ्या हातावर ठेवल्या. मी स्टूल ओढून बसले. बाहेरून कुणीतरी काच वाजवायला लागलं, "म्याडम, दहापासून उभा हाय मी!" मी उठायच्या आत मावशींनी खिडकीच्या भोकाशी तोंड नेलं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "आमी दोघी जेवून राहिलो."

आणि तो फौजी गुमान रांगेत जाऊन उभा राहिला. माझं असं अकरा वर्षांत कुणी एकदाही ऐकलं नाही.